शंभराला चार

"नळ बंद कर! आधी नळ बंद कर वं माय! ते टाकीनं पानी शे, तपेल शे. पितरेस्ले ऊन पानी पाजशी का?"

प्रमिलाबाईंचा आवाज असा, की डिंडोलीच्या त्या गल्लीत आणखी चार घरांतले नळ बंद झाले असतील. सकाळचे साडेसहा वाजले होते. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस; पितरांसाठी घागर भरायचा. सणाला माहेरी आलेली जयश्री मोरीत उकिडवी बसून कोरी लाल घागर नळाखाली धरून होती. बाप गेल्यापासून घागर तीच भरायची. एकुलती लेक. 'पोरगी कुठं घागर भरते का' म्हणून पहिल्या वर्षी भाऊबंदांनी नाकं मुरडली होती. तेव्हा प्रमिलाबाईंनी सगळ्यांना ऐकवलं होतं, "मंग तुमी या भराले. पहाटे चारले या. हापसावर नंबर लाई ठेवा." कोणी आलं नाही. येणार कोण? नाक मुरडायला घर सोडावं लागत नाही.

"हापसानं पानी ती बादलीमा शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी पाचलेच लई उनू. गार शे, देख."

जयश्रीनं उजवा हात बादलीत घातला. डावा हात अजून नळाच्या पाण्यानं ओला होता. डावा गरम, उजवा गार. एप्रिल संपत आला, की सुरतेत गच्चीवरच्या काळ्या टाक्या रात्रीसुद्धा निवत नाहीत. पहाटेही नळाला चहाच्या आधणासारखं पाणी येतं, हे तिला जन्मापासून माहीत होतं.

आणि तरी ती तशीच बसून राहिली. एक हात गरम, एक हात गार.

"काय व्हयनं वं?"

"माय," ती म्हणाली, "ऐतवारले मी बी टाकीनंच पानी भरं."

"कोनी घागर?"

"घागर नही. दवाखानामा."

तिनं हात पदराला पुसले, स्कूटरची किल्ली घेतली. प्रमिलाबाई दारापर्यंत मागे आल्या. दुपारी निखाऱ्यावर पितरांना घास वाहायचा होता. "बारा वाजता आगारी शे! बापना ताट वाट देखी का तुनी?"

"येसू. घागर मी उनू का भरसूत!"

*

जयश्री काय काम करते हे तिच्या नातेवाइकांपैकी एकालाही धड सांगता येत नव्हतं. भेस्तानची सासरची माणसं तिला 'एक्सरेवाली' म्हणत. माहेरचे 'दवाखान्यात मोठ्या हुद्द्यावर' एवढ्यावर भागवत. नवरा योगेंद्र शिकला-सवरलेला, पण तोही पाहुण्यांना सांगताना "ती डॉक्टर नाही, पण डॉक्टरसारखीच" असं काहीतरी गुळमुळीत बोलायचा.

तिचं काम सांगायला सोपं होतं, कोणी ऐकून घेतलं तर. कॅन्सरच्या दवाखान्यात किरण सोडणारं मशीन असतं. डॉक्टर लिहून देतो: अमक्याला एवढे किरण, इतके दिवस. मशीन ते देतं. पण मशीन म्हणतं तेवढेच देतं का, हे बघणारं कोणीतरी लागतं. कमी दिले तर गाठ जगते, जास्त दिले तर चांगलं मांस जळतं. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आवाज नाही. पेशंटला कळायचं नाही, डॉक्टरला कळायचं नाही. कळेल ते फक्त मोजणाऱ्या बाईला. बावीस वर्षं ती बाई जयश्री होती. ह्या देशात दवाखाना म्हटलं की लोकांना डॉक्टर दिसतो, नर्स दिसते आणि बिल दिसतं. मोजणारा दिसत नाही. तो दिसतो फक्त चुकला तर.

आणि रविवारी ती चुकली होती.

बुधवारी मशीनचा एक भाग जळाला. चार दिवस मशीन बंद. रोजचे अडतीस पेशंट खोळंबले, त्यांच्या नातेवाइकांनी कारभारी किरीटभाईंच्या केबिनचं दार झिजवलं. रविवारी दुपारी एकला कंपनीचा इंजिनिअर नवा भाग बसवून निघून गेला आणि किरीटभाईंचा फोन आला, "बेन, सोमवारे सवारे चालू जोईए."

नवा भाग बसला की मशीनचं माप पुन्हा तपासावं लागतं. त्याची रीत ठरलेली. काचेच्या पेटीसारखी एक टाकी पाण्यानं भरायची, माणसाचं शरीर बहुतेक पाणीच म्हणून. पाण्यात बोटाच्या पेराएवढा चेंबर बुडवायचा. त्यात चिमूटभर हवा. त्या हवेवर किरण पडले की आकडा येतो. हवा तापली की विरळ होते आणि आकडा कमी दाखवते, म्हणून तापमान लिहून हिशेबात धरायचं. एवढंच. आदल्या संध्याकाळी टाकी भरून ठेवायची, पाणी रात्रभर खोलीत मुरतं, सकाळी पाणी आणि खोली दोन्ही सारखी. बावीस वर्षं तिनं असंच केलं. त्यामुळे बावीस वर्षं पाण्यात थर्मामीटर न बुडवता भिंतीवरच्या तापमापकाचा आकडा लिहिला तरी चालून गेलं. सवय म्हणजे हीच. चालून जातं तोवर तिला कोणी सवय म्हणत नाही, अनुभव म्हणतात.

रविवारी आदली संध्याकाळ नव्हती. तिनं नळाला पाइप लावला, टाकी भरली, भिंतीवरचे तेवीस अंश लिहिले आणि आकडा घेतला. मशीन चार टक्के कमी देतंय असं निघालं. नवा भाग आहे, होऊ शकतं. तिनं मशीन चार टक्के वर चढवलं. शिवाय रोज सकाळी मशीन तपासायचं जे छोटं यंत्र होतं, तेही त्याच नव्या आकड्याला जुळवून ठेवलं. चुकलेल्या घड्याळाकडे बघून दुसरं घड्याळ लावावं, तसं. सोमवारी सकाळी त्या यंत्रानं हिरवा दिवा दाखवला आणि अडतीस माणसं एकामागून एक आत जाऊन आली.

गच्चीवरची टाकी, दुपारी एक वाजता, एप्रिलमधली. पस्तीस-छत्तीस अंश तरी असणार. उधना दरवाज्याच्या सिग्नलला उभं राहून तिनं मनातल्या मनात हिशेब केला. हिरवा झाला तेव्हा मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारून शिवी हासडली. तिनं मान डोलावली. शिवी बरोबर होती.

*

"मॅडम, तुम्ही तर सुट्टीवर!" लक्ष्मण म्हणाला. परभणीचा लक्ष्मण चौदा वर्षं मशीन चालवत होता. पेशंटला टेबलावर नीट निजवायचं, रेघा जुळवायच्या, बटण दाबायचं, हे त्याचं काम. "आखाजीची पुरणपोळी आणणार म्हणलावता. डबा कुठाय ओ?"

"डबा राहिला. लक्ष्मण, पहिला पेशंट घेऊ नकोस."

"का ओ?"

"मी चुकलेय."

लक्ष्मणनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. ह्या बाईच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. खरं तर त्या दवाखान्यात कोणाच्याच तोंडून ऐकलं नव्हतं.

रविवारची टाकी तशीच कोपऱ्यात उभी होती. दोन रात्री खोलीत मुरलेलं पाणी. जयश्रीनं ह्या वेळी कपाटातून थर्मामीटर काढला आणि पाण्यात सोडला. तेवीस पूर्णांक चार. भिंतीवर तेवीस पूर्णांक चार. मग तिनं रविवारचा कागद काढून नीट वाचला. वीस मिनिटांत घेतलेले सहा आकडे, प्रत्येक मागच्यापेक्षा केसभर मोठा. मशीन वाढत नव्हतं. पाणी निवत होतं. कागद दोन दिवस ओरडून सांगत होता. तिनं रविवारी त्या आकड्यांची सरासरी काढून सही केली होती.

चेंबर बुडवला. दार लावलं. आकडा आला. चार पूर्णांक एक टक्का जास्त.

खोलीत दोघंच. जयश्रीच्या मनात तेव्हा जे आलं ते लपवण्यात अर्थ नाही. मशीन खाली आणायला दहा मिनिटं लागतात. कागद सगळे तिचे, सही तिची. पुढल्या महिन्यात मुंबईहून तपासणी यायची होती. बाजूच्या नव्या इमारतीत दुसरं मशीन बसायचं होतं आणि दोन्ही मशीनच्या प्रमुखपदासाठी तिचं नाव वर गेलं होतं. बावीस वर्षांत एक डाग नाही, असं त्या शिफारशीत लिहिलेलं होतं. दहा मिनिटं. मग पुरणपोळी.

तिच्या बापाला, गणपतला, मिलमध्ये 'भिंगवाला' म्हणत. कापडाच्या ताक्यावर पितळी भिंग ठेवून इंचात किती धागे बसलेत ते मोजायचं आणि शिक्का मारायचा, हे त्याचं काम. एकदा तो रात्रपाळी करून घरी आला, अर्धी भाकरी खाल्ली आणि उठून परत मिलमध्ये गेला. शेठसमोर जाऊन म्हणाला, नऊ ताक्यांवर माझा शिक्का चुकून बसलाय, उघडा. शेठ म्हणाला, गाडी भरली, कोण बघतंय? गणपतनं स्वतः गाडीवर चढून ताके खाली ओढले. शेठनं त्याला ठपक्याचा कागद दिला आणि मिलमध्ये वर्षभर लोक हसले त्याला. तेव्हा जयश्री नऊ वर्षांची होती आणि तिलाही बापाची लाज वाटली होती.

"लक्ष्मण," ती म्हणाली, "ते लाल रजिस्टर काढ."

"कोणतं?"

"चुकांचं."

लक्ष्मणला ते शोधायला पाच मिनिटं लागली. अकरा वर्षांपूर्वी तिनंच ते सुरू केलं होतं. काय झालं, कसं झालं, कोणाकडून झालं, असे रकाने स्वतः आखले होते. अकरा वर्षं ते कोरं होतं. तपासणीला येणारे लोक ते उघडून बघत आणि खूश होऊन जात. अकरा वर्षांत चूकच नाही! कोरं रजिस्टर म्हणजे चोख काम, असं ज्याला वाटतं त्यानं कधी काम केलेलं नसतं. कोरं रजिस्टर म्हणजे घाबरलेली माणसं.

तिनं पहिल्या पानावर लिहिलं: क्रमांक एक. शेवटच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

*

साडेआठला किरीटभाई आले तेव्हा बाहेरच्या बाकांवर सतरा पेशंट बसले होते आणि मशीन चालू असल्याचा लाल दिवा बंद होता. किरीटभाई वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त रांग बघवत नसे आणि कागद वाचवत नसे.

डॉक्टर प्रियांका आधीच येऊन बसल्या होत्या. जयश्रीनं घरून निघतानाच त्यांना फोन केला होता. त्यांनी अडतीस फाइली काढल्या आणि एकेक बघितली.

"एकच दिवस, चार टक्के," त्या म्हणाल्या. "पंचवीस-तीस दिवसांच्या ट्रीटमेंटमध्ये हे कुठल्या कुठे जातं. कोणालाही इजा नाही जयश्री. दोघांचे शेवटचे दोन दिवस होते, त्यांचं आज मी कमी करून देते. बाकी सोड."

"महिनाभर कळलं नसतं तर?"

"तर मी आता खुर्चीवर बसलेली नसते." प्रियांकानं चष्मा काढला. "पण तुला कळलं. कसं कळलं?"

"आईनं टाकीच्या पाण्यावरून शिव्या घातल्या."

किरीटभाईंना हसू आलं नाही. ते लाल रजिस्टरकडे बघत होते, जेवणात झुरळ दिसल्यासारखे. "जयश्रीबेन, चार टकामां शुं थई जवानुं? डॉक्टर पण ना पाडे छे. रुटीन ऍडजस्टमेंट लिख दो ना. इन्स्पेक्शन सिर पे है. आणि ते प्रमुखपदाचं…"

"ते मला माहितीय."

"तो पछी?"

"लखवुं तो पडशे, किरीटभाई. लखी नाख्युं छे."

"पानुं फाडी शकाय."

"पानांवर नंबर आहेत," लक्ष्मण कोपऱ्यातून म्हणाला. "मॅडमनीच टाकलेत."

किरीटभाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की लक्ष्मणनं उगाच टेबलाची चादर सरळ केली. "ठीक छे," ते जयश्रीला म्हणाले, "पण बहार कोईने केवानुं नहीं. एक शब्द नहीं."

आणि नेमक्या त्या वेळी दारातून उषाबाईंनी डोकं आत घातलं.

उषाबाई यवतमाळकडच्या. नवरा लूमवर, दोन खोल्या पांडेसऱ्याला. छातीची गाठ काढलेली, आज अकरावा दिवस. सकाळचा पहिला नंबर त्यांचा, कारण नऊला त्यांना चार घरच्या पोळ्या लाटायच्या असत. "अवं बाई, दीड घंटा झाला. मशीन पुन्हा बिघडली काय? का आज तुमच्याकडचा सण हाय म्हणून बंद?"

"मशीन चांगलं आहे," जयश्री म्हणाली. किरीटभाईंनी डोळे मोठे केले. "माझं माप चुकलं होतं. काल तुम्हाला थोडे किरण जास्त गेले. आता नीट केलंय. शेवटचा आकडा घेते, मग तुमचा नंबर."

"जास्त म्हंजे किती?"

"शंभराला चार."

उषाबाईंनी विचार केला. "म्हंजे शंभर पोळ्यांत चार जास्त लाटल्या."

"हो."

"त्यानं काही व्हते का मले?"

"नाही होत," डॉक्टर प्रियांका म्हणाल्या. "मी तुमची फाइल बघितलीय."

"अन् नसतं सांगितलं, तर मले समजलं असतं काय?"

"नसतं," जयश्री म्हणाली.

"मंग सांगितलं कामून?"

"तुम्ही विचारलंत ना, उशीर का म्हणून."

उषाबाई हसल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलवत. "बारा वर्षं झाले मले या गावात. बँकेत विचारलं, राशनच्या दुकानात विचारलं, गॅसवाल्याले विचारलं, उशीर कामून. खरं कारण सांगणारी तूच पहिली भेटली व बाई!"

असं म्हणून त्या बाहेर गेल्या आणि बाकांवरच्या सतरा जणांना, त्यांच्या नातेवाइकांना आणि चहावाल्याला त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "मशीनीचं माप चुकलं होतं! बाईनं सोताच पकडलं! डॉक्टरीन म्हणते, काही होत नाही. बसा आता गुपचूप, ते नीट मोजून राहिली."

किरीटभाई खुर्चीत बसले. एक शब्दही बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, तो सबंध गावाला गेला. ते कानोसा घेत राहिले, आता बोंबाबोंब होणार, कोणी वकील आणणार. बाहेर कुजबुज झाली. दोघं-तिघं आत येऊन डॉक्टर प्रियांकांना विचारून गेले, फाइल बघून गेले. बारडोलीच्या एका म्हाताऱ्यानं खडसावून विचारलं, "आजे बराबर माप्युं छे ने?" जयश्रीनं त्याला काचेतून थर्मामीटर दाखवला. तो परत जाऊन बाकावर बसला. उठून कोणी गेलं नाही.

"मेमो तो आपवो पडशे," किरीटभाई शेवटी म्हणाले. "आणि पदाचं आता ट्रस्टी ठरवतील. मारा हाथमां नथी."

"द्या," जयश्री म्हणाली. "मेमोची एक कॉपी रजिस्टरला लावू. क्रमांक एकच्या मागे."

पावणेदहाला उषाबाई आत गेल्या. लाल दिवा लागला.

अकराला जयश्री निघायला लागली, तेव्हा लक्ष्मण टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होता. लाल रजिस्टर. तिनं मागून बघितलं. क्रमांक दोन. फेब्रुवारीतली गोष्ट: एका पेशंटला डोक्याखालचा आधार दुसऱ्याचा लावला, एक दिवस, दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, कोणाला सांगितलं नाही. अक्षर शाळकरी, घाम फुटल्यासारखं तिरपं.

"लक्ष्मण."

"बायकोलाबी नव्हतं सांगितलं ओ मॅडम," तो मान वर न करता म्हणाला. "तीन महिने झोप नीट नव्हती." शेवटच्या रकान्यात त्यानं नाव लिहिलं, मग थांबून विचारलं, "वडलांचं नाव पण लिहायचं का?"

"लिही."

*

बाराला दहा कमी असताना स्कूटर गल्लीत शिरली. आंब्याचा, तुपाचा वास घराबाहेरपर्यंत आला होता. पोरींनी समोरच्या लिंबाला झोका बांधला होता आणि एक पोरगी उभ्यानं झोका घेत गुजरातीत ओरडत होती.

"वाजनात बारा!" प्रमिलाबाई म्हणाल्या. "दवाखानानी घागर भरनी का?"

"भरनी."

"गार पानीनी?"

"गार पानीनी. मेमो भेटना, माय."

"मेमो म्हनजे?"

"बापले शेठनी जसा दिया व्हता, तसा."

तोंडाला पदर लावून प्रमिलाबाईंनी बादली पुढे सरकवली. जयश्रीनं घागर भरली. गव्हाच्या राशीवर ठेवली. वर खरबूज ठेवायचं, शेजारी सांजोरी, बापाचं ताट. खरबूज हातात घेतलं आणि ती थांबली. पर्स उघडून तिनं कागदात गुंडाळलेला थर्मामीटर काढला. गडबडीत तो तसाच पर्समध्ये आला होता. दोऱ्याला धरून तिनं तो घागरीत सोडला.

"येडी व्हई गयी का वं?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"थांब, माय. दोन मिनिट."

चुलीत आगारीचा निखारा फुलला होता. ताटावर माशी बसली, ती प्रमिलाबाईंनी हातानं उडवली. मग त्याही घागरीशी येऊन बसल्या, आणि पारा ठरेपर्यंत दोघी थांबल्या.